खुंटीचा पाणटिवळा

७८६

नांदूर मधमेश्वर, तालुका निफाड
गुरुवार, २० फेब्रुवारी १९३६

लाडक्या रियाजला जुलेखाआपाचा सलाम आणि पुष्कळ दुवा.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तूही मालेगावात खुशाल असशील, दिवसभर मागावर बसून पाठ मोडून घेत असशील आणि खाणावळीची पातळ डाळ भुरकताना आपाची आठवण काढत असशील, असं समजून चालते. या वेळी कार्डाऐवजी पाकीट पाहून घाबरू नकोस. घाबरण्यासारखं जे होतं ते होऊन गेलं, आणि चांगलं होऊन गेलं. म्हणूनच आज हात मोकळा सोडून लिहिते आहे.

तुझी कार्डं शेजारच्या गोजराबाईंच्या पत्त्यावर येतात हे गुपित आपण अब्बांपासून दोन वर्षं जपलं. आपणच जपलं, बाकी गावाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अब्बांनाही. कार्ड आलं की संध्याकाळी ते सहज विचारल्यासारखं विचारायचे, "गोजरा कशाला आली व्हती?" मी सांगायची, "विरजण मागायला." मग थोडं थांबून, "विरजण बरं हाय ना?" मी म्हणायची, "बरं आहे." "मग झालं," म्हणून ते कूस बदलायचे.

यंदा नदीच्या पोटात आपण खरबुजांची वाडी केली आहे. अब्बा स्वतः वाफे ओढतात. वेल अजून वीतभरच आहेत, पण गोजराबाईंची म्हैस त्यांच्यावर आत्तापासून डोळा ठेवून आहे. तिला हाकलता हाकलता माझा जीव जातो.

मुद्द्याचं लिहायला बसले आणि खरबुजांत शिरले, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आता सांगतेच. अब्बांना गेल्या पावसाळ्यात दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांनी. तुला कळवू नये अशी त्यांनी मला शपथ घातली होती. "आंधळ्या बापाची कीव करून पोरगं परत येईल, तसलं येणं मला नको," म्हणाले. मी चार महिने तुला "सर्व ठीक" असं लिहीत राहिले. रागावायचं असेल तर आधी पुढचं वाच.

सुरुवात गेल्या होळीला झाली. त्या सुमारास पाणटिवळे उत्तरेकडे निघतात आणि अब्बा खुंटीचा पक्षी सोडतात, हे तुला सांगायला नको. दसऱ्यानंतर पकडलेल्या पहिल्या पाणटिवळ्याला तूच मांडीवर धरून बसायचास. अब्बा त्याच्या एकेका डोळ्याची पापणी एकेका टाक्याने शिवून टाकायचे. मग तो चिखलात खुंटीला बांधला की फडफडत नसे, आणि शांत बसलेला सोबती पाहून वरचा थवा खुशाल खाली उतरायचा, आपल्या जाळ्यात. दुसरे पाखरं धरणारे हंगाम संपला की तोही पक्षी खातात. अब्बांनी कधी खाल्ला नाही. ज्याच्या जिवावर पोट भरलं त्याच्या पायात तांब्याचं कडं घालायचं, टाके कापायचे आणि सोडून द्यायचं. कडं दिसलं की पुन्हा कधी धरायचं नाही. गेल्या वर्षी पायात घातलं ते तू वळून ठेवलेल्या कड्यांतलं शेवटचं होतं.

तर गेल्या होळीला अब्बांनी पाखरू सोडलं. ते उडालं, जरा तिरपं, बंधाऱ्यावरून दिसेनासं झालं. घरी आल्यावर हातपाय धुताना अब्बांनी मूठ उघडली, तर तळव्यावर कापलेला दोरा एकच. दुसरा त्यांनी चिखलात शोधला, धोतराच्या घड्यांत शोधला, माझ्याकडून कात्रीच्या पात्यांत शोधून घेतला. मिळेल कसा? तो पाखराच्या डाव्या डोळ्यावरच राहिला होता. तेव्हाच त्यांची नजर इतकी अंधूक झाली होती की आपण एकच टाका कापला हे त्यांना कळलं नव्हतं, आणि अभिमान इतका की मला हाक मारली नाही.

त्यानंतर पावसाळ्यात उरलंसुरलं दिसणंही गेलं, तेव्हा त्यांनी स्वतःच निकाल लावून टाकला. "त्याचा एक घेतला, अल्लानं माझे दोन घेतले. बरोबर हाय." नाशकाला मोतीबिंदू काढतात असं सगळे सांगत होते. अब्बा ऐकायला तयार नाहीत. शिक्षा भोगायची असते, कापून काढायची नसते, असं म्हणायचे. मी रडले, भांडले, एक दिवस तर स्वयंपाकच बंद केला. त्यांनी चुलीपुढे चाचपडत स्वतःच भाकरी थापली आणि कच्ची खाल्ली, पण हो म्हणाले नाहीत. तुझे अब्बा ते.

शेवटी मात केली ती गोजराबाईंनी. खरोखरच विरजण मागायला आल्या होत्या. पक्षी नुकते उतरू लागले होते. अब्बा ओसरीवर बसून नुसते आवाज ऐकत होते आणि म्हणत होते की थवा किती लहान झालाय, पूर्वी उतरताना अंधारून यायचं, आता आवाजातसुद्धा पोकळी वाटते. तुझ्याशी याच गोष्टीवरून ते भांडले होते ना? पाखरं कमी होत चालली असं तू म्हणालास, आणि ते म्हणाले, नदी अल्लाची आहे, ती आटायची नाही, जाळं धरायचं नसेल तर उंबरा ओलांड. तेच अब्बा आता असं बोलत होते. गोजराबाई तांब्या काखेत धरून ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कादरदादा, तुझं ते काण्या डोळ्याचं पाखरू यंदा आलं, तर वळखणार कोण? म्या तर नाय. मला समदी सारखीच दिसत्यात. त्याचा डोळा उघडला का नाय, हे तुला न बघताच मरायचं हाय व्हय?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा मला म्हणाले, "ईद झाली की जाऊ."

निफाडहून गाडीने नाशिकरोड आणि तिथून टांग्याने नाशकाला गेलो. दवाखान्यात कागदावर सही मागितली तेव्हा अब्बांनी अंगठा पुढे केला. तू तिसरीत असताना पाटीवर त्यांच्याकडून नाव गिरवून घेतलं होतंस, तेव्हापासून त्यांनी कुठे अंगठा उठवला नव्हता. मला ऑपरेशनपेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

पगारे डॉक्टर मोठा भला माणूस. ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि ताकीद अशी की हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. अब्बा लाकडासारखे पडून. शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या आजीबाई मला म्हणाल्या, किती शांत आहेत हो तुमचे वडील! त्या गेल्यावर अब्बांनी माझा हात धरला. "जुलेखा, ते पाखरू खुंटीला शांत बसायचं ना, ते शांत नव्हतं गं. भ्यालेलं होतं." पट्टी भिजेल म्हणून मी त्यांना गप्प केलं, आणि बाहेर जाऊन मीच रडून आले. रियाज, तू मांडीवर पाखरू धरायला नकार दिलास तेव्हा तुला हे माहीत होतं. तू सांगितलंही होतंस. आम्ही दोघांनी ऐकलं नाही.

डॉक्टरांना पाखरांचा नाद आहे. आमचं गाव कळल्यापासून ते रोज खाटेपाशी दोन मिनिटं जास्त थांबायचे. अब्बांचा आजवर समज होता की पाणटिवळे सुरतेकडच्या खाडीत जन्मतात आणि हवा खायला इकडे येतात. डॉक्टर म्हणाले, नाही बाबा, हिमालय ओलांडून पलीकडे, रशियाच्या मुलखात, उन्हाळ्यात बर्फ वितळून जिथं दलदल होते तिथं यांची घरटी असतात. अब्बा म्हणाले, "म्हंजे एका डोळ्यानं एवढं लांब गेलं?" डॉक्टरांना काही कळेना, मग मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, सुताचा दोरा पाण्याने कुजतो, कदाचित वाटेतच सुटलाही असेल. अब्बांनी पुढं विचारलं, "हितं धरली तर तिथली घरटी कमी व्हत्यात?" डॉक्टर म्हणाले, "होतात. आणि तिथली दलदल आटली तर तुमचा बंधारा ओस पडेल. दोन्हीकडे सांभाळली तरच राहतील."

पट्टी सुटली तेव्हा अब्बांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?" इतक्या दिवसांच्या काळजीचं हे बक्षीस! मी हसत सुटले. रियाज, मला इतकं हलकं वाटलं की टांग्यात बसून घरापर्यंत गात यावं असं वाटत होतं.

आता त्यांना बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगांचा चष्मा आहे. घरी आल्यावर चारच दिवसांनी देवळालीच्या छावणीतला खानसामा साहेबांसाठी पाखरं न्यायला नेहमीसारखा टोपली घेऊन आला. अब्बा म्हणाले, पाखरं नाहीत. तो म्हणाला, "समोर चिखलात बसलेली दिसतात की!" अब्बा म्हणाले, "मलाबी दिसत्यात. म्हणूनच नाय." खानसामा माझ्याकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवून गेला. जाळं त्यांनी उसवलं आहे, त्या सुताच्या दोऱ्यांनी खरबुजांच्या वाडीचं कुंपण बांधलं आहे. छावणीच्या बंदुका काही थांबलेल्या नाहीत, आणि पलीकडच्या काठाची जाळीही. पण आपल्या काठावर थवा उतरतो आणि उठून जातो.

आणि काल. वाडीला पाणी घालून आम्ही काठावर बसलो होतो. ऊन कलतं होतं. पाणटिवळे चिखलात चोची खुपसत आमच्या बरेच जवळ आले होते. त्यांतल्या एकाच्या पायात मला काहीतरी चमकलेलं दिसलं. पण मी बोलले नाही. त्यांनाच दिसू दे, म्हटलं. दिसलं नसतं तर मी कधीच सांगितलं नसतं.

अब्बा कणसाचा दाणा चघळत होते, ते थांबले. हळूच म्हणाले, "तांबं हाय."

पाखरू आमच्याकडे उजवी बाजू करून चरत होतं. कितीतरी वेळ ते वळेचना. मला वाटलं उडून जाईल, आणि उरलेलं आयुष्य अब्बा त्या डाव्या बाजूचाच विचार करत बसतील. मग एक बगळा जवळ उतरला, तसं ते बिचकून वळलं. डावा डोळा उघडा होता! काळाभोर, मिऱ्याच्या दाण्यासारखा, चांगला बगळ्याकडे रोखलेला.

अब्बांनी चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा काढला. मग तो मांडीवर ठेवून दोन्ही हात वर केले आणि दुवा मागितली. नंतर म्हणाले, "पोरानं वळलेलं कडं हाय. पक्कं बसलंय." आणि थोड्या वेळाने, "त्याला लिही."

काय लिहू, म्हणून विचारलं. म्हणाले, "डोळे गेले तवा बोलावलं नाय. आता बोलावतो. लिही की त्याचं खरं व्हतं, पाखरंबी कमी झाली आन् ती भ्यालेलीबी व्हती. लिही की दाढी आली असंल त्याला, मला बघायचीय."

तर ये. बकरी ईद पुढच्या पंधरवड्यातच आहे आणि होळीही तिला लागूनच. पाणटिवळ्यांच्या गळ्याला विटकरी रंग चढू लागला आहे, म्हणजे त्यांची जायची तयारी सुरू झाली. ते जायच्या आत ये. एकदा तुम्हा दोघांना त्या काठावर शेजारी बसलेलं मला बघायचं आहे. मालकाने रजा दिली नाही तर त्याला सांग, आपाची म्हैस आजारी आहे. गोजराबाई आपली म्हैस खुशीने उसनी देतील.

माझं लिहून संपलं. खाली जे नाव आहे ते मी लिहिलेलं नाही आणि हातही धरलेला नाही. पहिलं अक्षर जरा ओळीच्या वर गेलंय, पण काना सरळ आहे. तूच शिकवलंस, तूच तपासून बघ.

तुझी आपा,
जुलेखा

कादर