निळ्या बिल्ल्याच्या गाई

प्रिय दादा,

'प्रिय' आईनं लिहायला लावलं. पुढचं माझं.

आपली बुटकी गाय गेल्याचं कळवलं, त्यावर तुझा निरोप तुमच्या प्रयोगशाळेच्या गाडीवाल्यानं आणला. अपेक्षेप्रमाणेच चाललंय म्हणे. बुटकीला धाप लागली होती, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली होती, आणि शेवटी माझ्या मांडीवर मान टाकून ती गेली. ही तुझी अपेक्षा. लाज कशी वाटत नाही रे तुला?

तू आलास तेव्हा आम्ही दोघी किती भाबड्या. लस गोठवून ठेवायच्या नायट्रोजनच्या डब्यातून धूर निघतोय, तू जाडजूड हातमोजे घालून मिरवतोयस, आणि आई शेजारणीला सांगतेय, माझ्या लेकानं गोचीडतापावर लस काढलीय, पहिला मान घरच्या गाईंना. तू ऐकलंस, हसलास आणि गप्प बसलास. गाईंच्या कानांत बिल्ले ठोकलेस, काहींना पिवळे, काहींना निळे. वर हुकूम सोडलास, की गोचिडी वेचायच्या नाहीत, औषध फवारायचं नाही. गोचिडी चावल्याच नाहीत तर लस लागू पडली हे कळणार कसं. आई जन्मभर संध्याकाळी गाईंच्या कानामागून, कासेजवळून गोचिडी वेचत आलेली. तुझ्या शब्दाखातर ती हात आवरून बसली.

मग एकेक गाय तापली, त्याही निळ्या बिल्ल्याच्याच. मी आपली चारा तपासतेय, पाणी बदलतेय. तू औषधाची सुई पाठवलीस तीही उशिरा. गेल्या आठवड्यात गाडीवाल्याला चहा देताना सहज विषय काढला, तर तो बिचारा बोलून गेला, निळ्यांना नुसतं पाणी टोचलंय, तुलना करायला. आई तिथंच होती. कप खाली ठेवून ती आत निघून गेली.

मला विज्ञान शिकवायला येऊ नकोस. अर्ध्यांना लस आणि अर्ध्यांना पाणी का देतात, ते मला समजतं. खरं सांगून मागितल्या असत्यास तर आईनं गाई दिल्याही असत्या. पण बाहेरचं कुणी गोठा देईना, म्हणून तू घरच्यांच्याच डोळ्यांत धूळ फेकलीस. लस चांगली आहे, हे कबूल करते. पिवळ्यांच्या अंगावर गोचिडी लोंबतायत आणि त्या खुशाल रवंथ करतायत. म्हणून तर माझा जास्तच तिळपापड होतो. बुटकीला वाचवणारी गोष्ट तुझ्या हातात होती.

निळ्यांतली आता न तापलेली अशी नकटी तेवढी उरलीय. पहिलारू आहे, वासरू अजून पितंय तिला. तिला तरी लस दे म्हटलं, तर चाचणी संपेपर्यंत देता येणार नाही, असं तुझं उत्तर.

तर ऐक. काल दुपारभर आई आणि मी गोठ्यात बसलो. पिवळ्या काय, निळ्या काय, सगळ्यांच्या गोचिडी वेचून रॉकेलमध्ये टाकल्या. कोपरा न् कोपरा फवारला. मग आईनंच कात्री आणली आणि सगळे बिल्ले कापले. तुझी चाचणी संपली, दादा. आता नकटीला लस द्यायला तुझी काही अडचण नाही. उद्याच घेऊन ये. आई दारात भेटेल. तिच्या पाया पडत बसू नकोस, आधी गोठ्यात जा.

तुझीच,
धाकटी