घरच्या माणसाची खुर्ची

प्रिय सोन्या,

तुझ्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागलंय हे मला फोनवर दिसतं, तरी मी तुला सोन्याच म्हणणार. हे पत्र तुझ्या कचेरीतल्या कुणाच्या हाती लागलं तर तुझी लाज तू सांभाळ. मागे तू विचारलंस, की तिथलं नागरिकत्व घेऊ का, घेतलं तर इथलं सोडावं लागेल, आणि आई, तू नको म्हणालीस तर मी घेणार नाही. त्यावर मी ‘बघू’ म्हणाले आणि गुडघ्याच्या डॉक्टरबद्दल सांगत बसले. त्यानंतर आपले इतके फोन झाले, पण ना तू तो विषय काढलास, ना मी. आपल्या घरात ही रीतच आहे, मोठं काही असलं की आपण जेवलास का, झोपलास का, एवढंच बोलतो. आता उत्तर देते, पण माझ्या पद्धतीनं देते. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या वेळी तेवढी कळ काढ.

आधी पंपघराचं सांगते. शाळा सुटली की तू तिथे येऊन माझ्या टेबलाखाली बसायचास, तेव्हा भिंतीवरच्या यंत्रात कागदावर सरकणारी रेघ तुला आठवत असेल. गावाला त्या घटकेला किती पाणी लागतंय ते ती दाखवायची. आता कागद गेला, पडदा आला, पण रेघ तीच आहे. तुमच्या वेळी सकाळी शाळेच्या आधी ती अशी सरळ वर चढायची की टाकी पुरते की नाही याची मला धाकधूक लागायची. गावातली सगळी पोरं एकाच वेळी आंघोळीला, त्यातली निम्मी आईचा ओरडा खात. मी मनात म्हणायची, यातली एक बादली माझ्या सोन्याची. कामावर असूनही तू उठलास, न्हालास, हे मला तिथे बसल्या बसल्या कळायचं.

मग तुम्ही शिकलात आणि एकेक करून गेलात. ते चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रेघ खाली बसत गेली. इतकी हळू, की पंपघराबाहेर कुणाला पत्ताही लागला नाही. सकाळचा चढ बुटका होत होत सपाट झाला, कारण कुणालाच कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं. म्हातारी माणसं मनाला येईल तेव्हा आंघोळ करतात, आणि गारठा असला तर चक्क करत नाहीत. उलट रात्री जी रेघ पूर्वी आडवी पडून असायची, तिला बारीक बारीक उंचवटे यायला लागले. ते कशाचे हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण रात्रीतून उठणाऱ्यांत मीही आलेच. सरकारनं निवृत्तीचं वय पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं, आणि माझ्या जागेवर यायला कुणी तरुण मिळेचना, म्हणून मी त्या खुर्चीत बसूनच म्हातारी झाले. तुझी शाळा बंद पडली तिथे म्हाताऱ्यांसाठी दिवसभर बसायची सोय केली. पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बेसिनवर तुझे जुने मास्तर कमरेत वाकून हात धुतात, आणि पाणी कमी येतं म्हणून माझ्याच नावानं खडे फोडतात.

त्या दिवसांत आम्हाला एक काम वाढलं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. पाइप घातले होते भरल्या गावाच्या मापानं, आणि माणसं उरली मूठभर. पाणी पाइपात पडून राहिलं की शिळं होतं, त्याला वास येतो. म्हणून दर आठवड्याला मी आणि आमचा फिटर वरच्या कामगार वसाहतीच्या टोकाला जायचो, तिथला व्हॉल्व्ह उघडायचो आणि ताजं पाणी येईपर्यंत पिण्याचं पाणी गटारात सोडून द्यायचो. दोन्ही बाजूंना कुलूप लागलेली घरं. याच वसाहतीतल्या बायका एके काळी पाण्याला दाब नाही म्हणून माझ्या दारात भांडायला यायच्या. फिटर जन्माचा बडबड्या, पण पाणी वाहत असेपर्यंत तो पाठ करून उभा राहायचा. माझा जीव तुटायचा, पण करते काय.

पुढे दुसऱ्या देशांतून माणसं यायला लागली. आधी वृद्धाश्रमाला हात हवे होते म्हणून काही बायका आल्या, मग कारखान्यात माणसं आली, मग त्यांची कुटुंबं. मला यातलं पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल तर पाण्यानं. एका आठवड्यात आम्ही वसाहतीचा व्हॉल्व्ह उघडला आणि पहिल्याच धारेला ताजं पाणी आलं. मी ओंजळीत घेऊन हुंगून पाहिलं, फिटरला हुंगायला लावलं. कुणीतरी तिथे भांडी घासत होतं, कपडे धूत होतं, पाणी वापरत होतं. आम्ही व्हॉल्व्ह बंद करून परत निघालो, आणि वाटेत तो नेहमीसारखा बोलायला लागला.

त्यांच्यातलीच एक आमच्याकडे कामाला लागली. फिटरनं तिचं नाव पहिल्याच दिवशी ‘पाहुणी’ पाडलं, आणि ते चिकटलं. ती आधी वृद्धाश्रमात होती, आपली भाषा तिथेच शिकली, त्यामुळे तिशीतली ही मुलगी बोलते मात्र ऐंशीच्या आजीसारखी. जिना चढली की ‘चालायचंच आता’ म्हणते. फिटरला ‘अरे लेकरा’ म्हणते, आणि तो तिच्या बापाच्या वयाचा. हसून हसून माझी पुरेवाट झाली, पण मी तिला सुधारलं नाही. आपल्या म्हाताऱ्यांचं बोलणं आता कुणा तरुण तोंडून ऐकायला मिळायचं तर ते तिच्याच. गावात सगळ्यांनाच हे गोड वाटतं असं नाही हं. औषधाच्या दुकानातला अजून कुरकुरतो, म्हणे या लोकांनी गर्दी केली. त्याच्या आईला रोज उठवून बसवते ती कोण, हे त्याला विचारलं की मग गोळ्या मोजायला लागतो.

आता ऐक, हे तुला सांगायचंच होतं. एका सकाळी मी चहा घेऊन बसले होते आणि पडद्यावरची रेघ एकाएकी वर उठली. नुसती उठली नाही, चढतच गेली. इतक्या वर्षांत अशा चढाचा मला एकच अर्थ ठाऊक राहिला होता, मोठा पाइप फुटला. मी फिटरला वसाहतीकडे पिटाळलं, पाहुणीला टाकीच्या पातळीवर नजर ठेवायला बसवलं आणि स्वतः मुख्य व्हॉल्व्हपाशी जाऊन उभी राहिले. आणखी थोडा उशीर झाला असता तर सगळ्या वरच्या भागाचं पाणी तोडलं असतं. तेवढ्यात फिटरचा फोन आला. त्याचा आवाजच वेगळा होता. म्हणाला,

“मॅडम, गळती नाही कुठे. पोरं आहेत.”

मला काही उमगेना. मग त्यानं सांगितलं, की दारादारांत ओल्या केसांची पोरं दप्तरं घेऊन उभी आहेत, कुणाची वेणी अजून चालू आहे, आणि कोपऱ्यावर शाळेची बस लागली आहे. तुझ्या शाळेतल्या दोन खोल्या त्या दिवशी पुन्हा उघडत होत्या, आणि ते माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. मी व्हॉल्व्हवरचा हात काढला आणि पडद्यापुढे जाऊन बसले. रेघ आपली चढतेच आहे. सोन्या, मी हे यंत्र जन्मभर पाहिलं, पण त्या दिवशी मी तोंडात बोट घालून पाहिलं. एवढं मोठं गाव म्हातारं होतं काय, निजतं काय, आणि कुठल्या कुठल्या देशांतली लेकरं येऊन त्याला आंघोळीच्या वेळी जागं करतात काय! मला रडू आलं आणि हसूही आलं. पाहुणी घाबरून विचारत होती की यंत्र बिघडलं का, आणि मी तिला नुसतं रेघेकडे बोट दाखवत होते. त्यातली एकही बादली माझी नव्हती, तरी मला वाटत होतं की सगळ्या माझ्याच आहेत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू तो प्रश्न विचारलास. खरं सांगू, मला राग आला. दुसऱ्यांची लेकरं इथे येऊन आमची झाली तर मी हरखून जाते, आणि माझं लेकरू तिथे जाऊन त्यांचं होणार म्हटलं की गुडघ्याचं रडगाणं काढून बसते. यात न्याय कुठला, ते मलाही कळत होतं. पण तू आपल्याच घरी पासपोर्टवर परक्याचा शिक्का मारून येणार, मतदार यादीतून तुझं नाव जाणार, आणि शिरगणतीची बाई दारात आली की मी तुला कुठे धरू? आजवर मी सगळ्यांना ‘तो सध्या बाहेर आहे’ असंच सांगत आले. जणू कोपऱ्यावरून भाजी आणायला गेलास. ते ‘सध्या’ मला सोडवेना.

आणि गेल्या आठवड्यात पाहुणी माझ्याकडे आली. तिला इथलं नागरिकत्व मिळत होतं. नगरपालिकेच्या सभागृहात शपथ असते, आणि शपथ घेणाऱ्याच्या शेजारी एक खुर्ची घरच्या माणसासाठी ठेवतात. तिचं इथे कुणी नाही. मान खाली घालून, त्या तिच्या आजीबाईच्या भाषेत तिनं विचारलं की मी येऊन बसेन का. मी हो म्हटलं आणि कपाटातली चांगली साडी काढली.

तिची आई तिकडून फोनवर हजर होती. पाहुणीला शपथेला उभं राहायचं, म्हणून फोन माझ्या हातात. पडद्यावर माझ्याच वयाची एक बाई, केस चापूनचोपून विंचरलेले, गळ्यात काहीतरी ठेवणीतलं, आपल्या स्वयंपाकघरात ताठ बसलेली. आमच्या सभागृहात सगळे उभे राहिले तशी तीही तिथे उभी राहिली. तिचा फोन कशाला तरी टेकवलेला असणार, त्यामुळे मला तिचं नुसतं पोट दिसायला लागलं. एरवी मी हसले असते. तिच्या लेकीनं आपला जुना देश सोडत असल्याचं मोठ्यांदा वाचलं, आणि ती बाई तशीच उभी होती. ते पोट वर खाली होत होतं, तिला दम लागल्यासारखं. मी एका हातानं फोन धरला होता आणि दुसरा हात कुठे ठेवावा ते मला सुचत नव्हतं. इतक्या लांबून एक आई आपल्या लेकीला माझ्या पदरात घालत होती, मला न ओळखता, आणि मी ते हातात धरून उभी होते.

शपथ झाली, टाळ्या झाल्या, ती बाई खाली बसली आणि माझ्याशी काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. मला वाटलं आता ही रडेल. पाहुणीनं डोळे पुसत अर्थ सांगितला. आई म्हणतेय, हिला थंडीत कान झाकायची सवय नाही, सांगून ऐकत नाही, तुम्ही तेवढं दटावत जा. मी मान हलवली. तेव्हापासून रोज सकाळी मी तिचे कान पाहते. नाव मात्र अजून पाहुणीच आहे, फिटरनं ठेवलेलं नाव शपथेनं जात नाही.

तर माझं उत्तर हे. घे तिथलं नागरिकत्व, आणि तोंड पाडून घेऊ नकोस, चांगला सदरा घालून जा. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण कागदावर लिहिण्याचं कारण दुसरंच आहे. तिथेही म्हाताऱ्या बायकांना तोटा नाही असं तूच म्हणाला होतास. त्यांच्यातली एक बघ, शेजारीण, घरमालकीण, कुणीही चालेल, आणि तिला तुझ्या बाजूच्या खुर्चीत बसव. फोन तिच्या हातात दे. मला तिची भाषा येत नाही आणि ऐन वेळी माझा आवाज फुटेल याचा भरवसा नाही, म्हणून तिच्यासाठी दोन वाक्यं इथे लिहून ठेवते, ती तिच्या भाषेत करून तिला वाचून दाखव, आणि एक शब्दही गाळू नकोस. बाई, हा आजारी पडला की कुणाला सांगत नाही, उगाच विनोद करायला लागतो. असा फार हसवायला लागला, की याच्या कपाळाला हात लावून बघत जा.

तुझीच,
आई