मनातलं विचारणारं कोर्ट

चि. धाकट्यास,

तुझ्यावरच्या आरोपपत्राची प्रत आली, ती फुकट. झेरॉक्सचे मात्र वीस पडले. देवापुढे ठेवली, मग नीट वाचली. मालकाच्या दुकानाचं कुलूप तोडून तू शिलाई मशीन नेलंस, हे तर सगळ्यांनीच पाहिलंय.

वकिलांना म्हटलं, "मग आता उरलं काय?"

ते म्हणाले, "ताई, कुलपाचं वेगळं बघू. पण मशीन आपलंच, असं मनापासून समजून नेलं असेल, तर ती चोरी नव्हे."

मी चाटच पडले. मनातलं फक्त देव विचारतो, अशी माझी समजूत!

आई म्हणते, "कबूल करून टाकू दे. पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडतील." पण मग चोर हा शिक्का जन्माचा. मालक "हे मशीन तुझंच रे" म्हणायचे, ते तू खरं धरलं होतंस, की त्यांची खोड मोडायची होती?

हे पत्र टाकणार नाही. तुरुंगात पत्रं फोडून वाचतात. टाकायच्या कार्डावर एवढंच लिहीन: तारखेआधी वकिलांना खरं काय ते सांग, आणि सांगितलंस की उलट टपाली कळव.

तुझी ताई