फुकटचा वेग आणि किमयाचे लंगोट

चांदे, ता. मुळशी
१४ ऑगस्ट २००४

चि. निषादभाऊजींस,

रजनीवहिनीचे अनेक आशीर्वाद. इकडे तुमचे दादा आणि कॉम्प्युटर दोघेही खुशाल आहेत. किमया (तुमची पुतणी, वय अडीच महिने, विसरला असाल म्हणून लिहिते) शिंकते आहे. हॉस्टेलचं जेवण मानवतंय ना? परीक्षेचं काय झालं तेही कळवा. फोनवरून दादांना जो विषय शिकवलात, तो सोडून बाकीच्यांत पास व्हाल अशी आशा आहे.

म्हणे प्रोसेसर तोच ठेवायचा, आत जाऊन त्याच्या वेगाचा एक आकडा वाढवायचा, की कॉम्प्युटर फुकटात धावायला लागतो! फुकट म्हटलं की तुमच्या घरातल्या पुरुषांचे कान कसे टवकारतात, ते मी लग्नाच्या पंगतीतच पाहिलंय. (मठ्ठ्याचा सहावा ग्लास कोणी मागितला होता, आठवा.) दादांनी त्याच संध्याकाळी आकडा वाढवला. घड्याळ लावून मोजलं, तर कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा सेकंद कमी लागले. त्या अकरा सेकंदांचं काय करायचं, हे आमच्याकडे अजून ठरायचंय. पण वेगाबरोबर प्रोसेसर तापायला लागला, आणि तुम्ही सुचवलेले स्वस्तातले घरगुती उपाय सुरू झाले. कॅबिनेटचं झाकण काढलं, ते आता पलंगाखाली राहतं. प्रोसेसरवर लावायची खास पेस्ट पिरंगुटला मिळेना, म्हणून टूथपेस्ट लावली. (दुसऱ्या दिवशी आम्ही मिठाने दात घासले.) तेवढ्यानं भागेना, तेव्हा माझ्या आईने रुखवतात दिलेलं तांब्याचं ताम्हन कापून त्याच्या पट्ट्या आत बसवल्या. तांबं उष्णता ओढून घेतं म्हणे. माझी उष्णता कोणी ओढून घेतली नाही. दर पाच मिनिटांनी पडद्यावर प्रोसेसरचं तापमान बघायचं, हा ह्यांचा नवा जप. डॉक्टरांनी किमयाला ताप किती होता असं विचारलं, तर हे पटकन म्हणाले, अडुसष्ट. डॉक्टरांनी चष्मा काढून आधी ह्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

इथवर मी चालवून घेतलं. पण मग ह्यांनी टेबलफॅन उचलला. भाऊजी, आपल्या परभणीत दोरीवर टाकलेला लंगोट दुसरा पिळेपर्यंत वाळतो. इथे मुळशीत महिनाभर ऊन नावाचा प्रकार दिसलेला नाही. भिंती ओल्या, उशा ओल्या, काडेपेटीसुद्धा ओली. किमयाचे छत्तीस लंगोट त्या एका फॅनवर वाळायचे. डॉक्टर म्हणाले होते, पोरीला कोरडी ठेवा, तेवढंच औषध. आणि तो फॅन प्रोसेसरसमोर जाऊन बसला! त्या दिवशी पोर दमट लंगोटात कुडकुडताना पाहून मला रडू आलं, खरं सांगते.

तेवढ्यात आमच्या घरमालकीण रंभाबाई किमयाला बघायला आल्या. त्यांनी उघड्या कॅबिनेटवर हात धरला आणि म्हणाल्या, "आगं, ही तर शेगडीच हाय की! आन् तुजा नवरा तिला वारा घालून इझवतोय व्हय?" गेल्या आणि कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं धुऊन घेऊन आल्या. पावसाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर लंगोट वाळवतात, तसंच ते कॅबिनेटवर घातलं. तासाभरात चार लंगोट कडकडीत!

तेव्हापासून घरात दोन पक्ष झाले. हे सकाळी डालगं उतरवून फॅन लावत; कंपनीची बस हिंजवडीकडे वळली, की आम्ही फॅन काढून डालगं चढवत असू. शेवटी परवा एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. रात्रभर प्रोसेसरपुढे आणि दिवसभर उरलेल्या लंगोटांपुढे फिरून टेबलफॅन जळाला, आणि अठ्ठ्याहत्तरला पोचून कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. ह्यांनी आकडा पूर्वीइतका खाली आणला. आता प्रोसेसर अडतीसवर थंडगार बसलाय, डालग्यावरचे लंगोट ओलेच, आणि किमया पुन्हा शिंकते आहे. तुमच्या विद्येचा एवढाच पसारा मागे उरलाय.

परभणीला गेलात की सासूबाईंना नमस्कार सांगा. ताम्हनाचं सांगू नका.

तुमची,
रजनीवहिनी

ता. क. – पत्राचं खरं कारण वर लिहायला धीर झाला नाही. तो आकडा आत कुठे असतो आणि किती वाढवायचा, ते मला नीट लिहून पाठवा. दादांना कळू देऊ नका. मला वेग नकोय, ताप हवाय.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. सकाळी दूध तापवायला उठले, तर कॉम्प्युटर सुरू, आकडा पहिल्यापेक्षाही वाढवलेला, आणि तुमचे दादा स्टुलावर बसून डालग्यावरचे लंगोट एकेक करून उलटे करत होते. मला म्हणाले, सत्तरच्या वर गेलं की डालगं जरा उचलायचं, म्हणजे बंद पडत नाही. वरच्या ता. क.कडे लक्ष देऊ नका.

शेवटचं – रंभाबाईंची लेक शारदा कालच बाळ घेऊन माहेरी आली आहे. दोन पोरांना एक कॉम्प्युटर पुरत नाही. तुमचा हॉस्टेलवरचा फार तापतो आणि सारखा बंद पडतो, असं सासूबाईंकडून कळलं. तो एसटीने पाठवून द्या. थंड करायचे काही उपाय केले असतील, तर तेवढे काढून पाठवा.