खोली चौदाच्या दारावरचा दिवा

प्रति,
मा. शुश्रूषागृह निरीक्षक,
राज्य निरीक्षण कार्यालय, नेब्रास्का.

विषय : दिवा विझला म्हणजे रुग्णाची सोय झाली, असे न धरणेबाबत.
संदर्भ : व्हरांड्यातील अभिनंदनाचा फलक, 'प्रतिसाद सरासरी दोन मिनिटे'.

महोदय,

मी, ओपल लिंडक्विस्ट, वय ८६, येथील वृद्धांच्या शुश्रूषागृहात, खोली चौदामध्ये, तीन वर्षे आहे. उशाचे बटण दाबले की दारावर दिवा लागतो. तो किती वेळात विझला, यावर येथील कार्यक्षमता मोजतात. म्हणून सेविका दारातूनच हात घालून, आतल्या भिंतीवरची कळ दाबून दिवा विझवते आणि पुढे जाते.

१२ मार्चला दुपारी शेजारच्या खाटेवरील बर्निस कोवारिक यांना शौचास जायचे होते. त्यांनी तीनदा दिवा लावला. "आलेच हं, राणी," असे म्हणून सेविका टॅमीने तो तीनदा विझवला. टॅमी वाईट नाही. बावीस जणांमागे ती एकटी आहे. शेवटी बर्निस म्हणाल्या, "ओपल, मी आपली जाते हळूहळू," आणि उठल्या. पडल्या. खुब्याचे हाड मोडले, नवव्या दिवशी गेल्या. नोंदवहीत मात्र 'तीन हाका, तिन्ही वेळेत' असे आहे.

मी अठ्ठावीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते; तेथेही कोणी फोन उचलला की आमच्या समोरच्या फळीवर दिवा लागे. पलीकडचा माणूस बोलू लागल्याशिवाय दिवा विझू द्यायचा नाही, हा आमचा पहिला धडा. तो मी व्यवस्थापिकाबाईंना सांगितला. त्या गोड हसून म्हणाल्या, "आजी, इथं करमत नसेल तर दुसरीकडे बघू या का?" दुसरे गृह साठ मैलांवर आहे. तेव्हापासून माझ्या शुश्रूषा-आराखड्यात 'दिव्याचा वापर कमी करणे' हे माझे उद्दिष्ट म्हणून लिहिले आहे. ते गाठावे म्हणून मी दुपारनंतर पाणी पीत नाही. मला फार भीती वाटते.

तरी विनंती, की तपासणीस आल्यावर दारावरचे दिवे पाहू नयेत. माझा विझलेलाच असेल. कृपया आत यावे. माझे नाव मात्र कोणास कळू देऊ नये.

आपल्या पावलांची वाट पाहणारी,
ओपल लिंडक्विस्ट
२ एप्रिल २०१९

सोबत : बर्निस यांच्या तीन हाकांच्या वेळा, माझ्या हस्ताक्षरात.

ता.क. हा अर्ज लिहिताना मी दोनदा बटण दाबले. दिवा दोन्ही वेळा वेळेत विझला. मी अजून ओल्या चादरीवरच आहे.