माडीवर चढेल असं मशीन

१ एप्रिल २००५, शुक्रवार

"मशीन तू निवड," काका म्हणाले! एप्रिल फूल नाही — दोनदा विचारून घेतलं.

आमच्या स्टुडिओचे मालक गोपाळकृष्णकाका आजवर लग्नाच्या सगळ्या टेपा एडिटिंगला कोल्हापूरला पाठवत आले. तिकडून नवरा-नवरीभोवती उडणारे बदाम येतात, नाहीतर हंस. अख्ख्या रत्नागिरीला तेच दोन हंस! आता स्टुडिओचं स्वतःचं मशीन, म्हणजे एडिटिंगचा कॉम्प्युटर येणार. वेदचं तोंड बघण्यासारखं झालं. काकांचा पुतण्या, पुण्याहून इंजिनीअर होऊन आलाय, नोकरी शोधतोय. "काका, हिला रॅम म्हणजे काय ते तरी विचारा." विचारलं नाही. मला कॉलेजं दोन सोडता आली, कोर्स एक अर्धा टाकता आला, पण दादरला एडिटरच्या पाठीमागे स्टुलावर बसून जे पाहिलं ते काही सुटलेलं नाही.

आणि मुंबईच्या मैत्रिणीचा, राहीचा फोन! दादरच्या त्या एडिटिंग रूममध्ये जागा होतेय. तिथला शेठ म्हणतो — स्वतः केलेलं काम पाठव, सुरुवातीची टायटलं स्वतःची हवीत, मग बघू. म्हणजे आधी मशीन, मग काम, मग दादर. पावसाळा लागायच्या आत मी इथून गेलेली असेन. काकांना अजून बोलले नाही.

३ एप्रिल

मिरकरवाड्यात मेंदीचं शूटिंग. जुलेखाचाचींची मुलगी नाझनीन. घरच्या मासेमारीच्या दोन ट्रॉलर आहेत, घर जेटीच्या पाठच्या गल्लीत, वर माडी. कॅमेरा बाईचा हवा म्हणून मला बोलावणं — सगळ्या गावात कॅमेरा धरणारी बाई मीच! जिना असा उभा, की ट्रायपॉड डोक्यावर घेऊन चढले.

चाचींनी कॅमेरा काढायच्या आधीच सांगितलं, "बघ पोरी. हात तुझा, डोळा तुझा. कुणा बाप्याच्या नजरेला हे पडता कामा नाय." म्हटलं, चाची, जबान दिली.

दार लागलं आणि काय एकेक बाया! नाझनीनच्या फुफीने, म्हणजे आत्याने, लुंगी गुंडाळली, डोक्याला टॉवेल बांधला आणि तांडेल झाली — यांचीच बोट चालवणारा म्हातारा, लिलावात पापलेटाला भाव मिळत नाही म्हणून दलालाच्या आयमाय काढणारा. दलाल झाली नवरीची होणारी थोरली जाऊ. "हा काय पापलेट हाय, मेल्या? हा तर तुझ्यासारखा सुकलेला!" माझा कॅमेरा हलला हसून. तेवढं कापावं लागेल.

मेंदीच्या वेलात नवऱ्याचं नाव लपवतात, ते त्याने शोधायचं. नाझनीन माझ्या कानात — "त्याला नाय सापडणार. चष्मा हाय, पण तसाच."

टायटल सुचलं! पडद्यावर नाझनीनच्या हातावर वेल मनगटापासून स्वतःच उगवत जाईल आणि बोटांपर्यंत पोचताना त्यातून नाव दिसेल. हंसांना सुट्टी.

टेपवर नाव मुद्दाम लिहिलं नाही. कुणाला कळायला नको, कसली आहे ते.

६ एप्रिल

वेदने यादी केली. दोन प्रोसेसरचं मशीन, हे एवढं कॅबिनेट, त्याला एसी हवा. "थ्रीडी करता येईल." कुणाचं थ्रीडी? आंब्याच्या पेटीचं? माझं म्हणणं — सुटे भाग आणून जोडलेलं, एकच प्रोसेसर पण रॅम भरपूर, कॅमेऱ्यातून टेप आत घ्यायला फायरवायर कार्ड, दोन वेगळ्या हार्ड डिस्क. दुपारचे दिवे जातात तर यूपीएस आधी, प्रोसेसर मग! काका दोघांकडे आळीपाळीने बघत सुपारी कातरत होते. शेवटी ठरलं, कोल्हापूरचा माणूस वेदवालं मशीन चाचणीला आणून ठेवणार. बघूनच घेऊ.

९ एप्रिल

मशीन आलं. दोघांनी उचललं. दिसायला झकास, खोटं कशाला बोलू.

१० एप्रिल, रविवार

आज चाचणी होती आणि मी पूर्णगडला गेले. म्हणजे जायचं नव्हतं! स्टँडवर फणसाचे गरे घ्यायला थांबले, समोर पूर्णगडची गाडी लागलेली, खिडकी रिकामी. निघताना वेदने फोनवर विचारलं होतं, टेप कुठली घालू. मी म्हटलं, दुकानात माझी बॅग आहे, तिच्यातली कुठलीही घाल, चांगली लांब बघून.

किल्ल्यावर बसले. खाडीचं पाणी समुद्रात मिसळतं तिथे रंगाची रेघ दिसते. दोन रंग हळूहळू कसे मिसळवायचे, हेच डोक्यात.

परत आले तर दुकानासमोर ही गर्दी! आमच्याकडे पद्धत आहे — जे काम चाललंय ते शोकेसमधल्या टीव्हीवर रस्त्याकडे तोंड करून लावायचं. त्यानेच गिऱ्हाईक येतं. टीव्हीवर फुफी. लुंगीत. दलालाच्या आयमाय काढताना. आवाज मोठा. मासळीच्या टेम्पोवरची दोन पोरं पोट धरून — "अरे, हा तर आमचा तांडेल!"

वायरच उपटली. टीव्हीची, मशीनची, दोन्हीची. वेद ओरडला, "रेंडर चालू होतं! अख्खं काम गेलं!"

"तुझ्या रेंडरच्या—" पुढचं काका होते म्हणून गिळलं.

त्याला काय बोलणार. टेपवर काही लिहिलेलंच नव्हतं. आणि कुठलीही घाल, हे मीच म्हटलेलं.

११ एप्रिल

दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायच्या आत आपण जावं म्हणून सकाळीच मिरकरवाड्यात. उशीर! चाचींना कालच कळलेलं. सगळं सांगितलं — पूर्णगड, टेप, टीव्ही, सगळं. फुफी कोपऱ्यात कोलंबी सोलत होती. मान वर नाही.

चाचींनीही एक कोलंबी सोलली. मग, "तांडेल काल घरी आलेला. म्हणाला, माझी बायको पण इतकी हुबेहूब नकल करत नाय." फुफीच्या तोंडातून हसू फुटलं, लगेच गिळलं. चाची हसल्या नाहीत.

"तुझी मशीन बाजारात बसते. तू जबान देशील, बाजार देईल काय? काम करायचं तर मशीन हय माडीवर आण. नायतर टेप माझ्या हातात दे नि जा."

टेप दिली तर टायटल गेलं. दादर गेलं. म्हटलं, आणते!

रस्त्यात आल्यावर मग लक्षात आलं. मशीन काय माझं आहे?

१२ एप्रिल

काका — "माझं मशीन लोकांच्या माडीवर? उद्या म्हणशील, दुकान पण ने!"

मी सांगितलं, काका, मिरकरवाड्यातल्या बायकांची कामं दुसऱ्या कुठल्या स्टुडिओला मिळणार नाहीत, त्यांच्याकडे बाई नाही. आपल्याकडे आहे. पण परवा आपला टीव्ही सगळ्यांनी पाहिला. आता मशीन माडीवर नेलं नाही तर आपल्यालाही कुणी बोलावणार नाही.

सुपारी चघळून झाली. "नाझनीनचं होईपर्यंत. पुढचं पुढे. आणि तेजल, जबाबदारी तुझी."

मग निवड एका मिनिटात झाली! वेदचं मशीन त्या जिन्यात बसतच नाही, हा एक मुद्दा. दुसरा खरा — बिघडलं तर कोल्हापूरचा माणूस माडीवर येऊ शकत नाही. वेदही नाही. म्हणजे मला एकटीला उघडता येईल, लावता येईल असंच मशीन हवं. वेदने आपली यादी चुरगाळली. मग म्हणाला, "बरोबर आहे." कागद ओढला आणि माझ्याच यादीत दोन चुका काढल्या. दोन्ही खऱ्या होत्या.

१७ एप्रिल

चौदा तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीत नाचून नाचून पाय गेलेत, तरी वेदने तीन वेळा मशीन सुटं करायला लावलं आणि तीन वेळा जोडायला. बोटं कापली. आई म्हणते, "भिंगरी पायाला होती, आता हाताला पण?"

२० एप्रिल

चढलं! कॅबिनेट मी पाठीला ओढणीने बांधून, मॉनिटर नाझनीन आणि फुफीने मिळून.

सुरूच होईना. खिडकीतून खाली बघितलं, वेद गल्लीत उभा.

"लाल दिवा लागतो का?"

"लागतो!"

"बीप किती?"

"लांब! एकामागून एक!"

"रॅम काढ! खोडरबराने पाय घास!"

समोरच्या घरातून आवाज — "कुणाचे पाय घासतेस गो?" सगळी गल्ली हसली. नाझनीनच्या भावाच्या दप्तरातला खोडरबर घेतला, घासलं, बसवलं. चालू! खाली वेद आनंदाने उडी मारून जाळ्याच्या ढिगात पडला.

२३ एप्रिल

दिवे गेले. यूपीएसने सेव्ह करण्यापुरतं तारलं. मी म्हटलं नव्हतं?

२९ एप्रिल

चाची शेजारी बसून एडिटिंग करतात. मोठी कडक बाई! "ही कोण? एवढी रडलेली नव्हती. अर्धं काप." "फुफीचं एक अक्षर कापू नको." नाझनीनला वेल दाखवला, अजून बोटांपर्यंत पोचायचाय. तिने स्क्रीनवर स्वतःचा हात ठेवून बघितला. पान उलटं वळतं म्हणाली. खरंच उलटं! परत काढलं. तीन दिवस गेले एका पानात.

खारा वारा येतो म्हणून मशीनवर चाचींनी आपली जुनी ओढणी घातलीय.

५ मे

झालं!

असं काम मी आजवर पाहिलेलं नाही — दादरला पण नाही. वेल चालतो, थांबतो, श्वास घेतल्यासारखा पुन्हा चालतो. नाव येतं आणि पानांत जातं. कुणी केलं, तर मी. राही आडवी पडेल. शेठसुद्धा. बायांचं काही पाठवायचं नाही, नुसतं टायटल, हात आणि वेल. तेवढ्याला चाची नाही म्हणणार नाहीत.

७ मे

दार लावून सगळ्या बायांनी पाहिलं. माडी बसते की काय, इतकं हसणं. वेल सुरू झाला तेव्हा मात्र सगळ्या पुढे सरकल्या. नाव सगळ्यांना एकाच क्षणी सापडलं — ओरडल्या! मी पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांच्याकडे बघत होते.

८ मे

दादरला टायटल पाठवू का, ते विचारायला गेले. चाचींनी आधी चहा दिला. मग म्हणाल्या, "बघून झालं. आता पूस."

म्हटलं, कॅसेट तुमच्या कपाटात ठेवा की.

"कपाटाची चावी बाप्यांकडं असते."

नुसता वेल तरी? "हात माझ्या पोरीचा हाय गो."

पुसलं. डिस्कवरचं पुसलं, मग टेप कॅमेऱ्यात घालून, लेन्सचं झाकण न काढता वरून रेकॉर्डिंग करून पूर्ण काळी करून घेतली. चाची शेवटपर्यंत शेजारी बसल्या, माझा हात धरून. राहीला पाठवायला माझ्याकडे काही नाही.

निघताना जिन्यात दोघीजणी थांबलेल्या. आणखी दोन लग्नं आहेत, मशीन इथेच राहू दे म्हणाल्या. तीही बघून झाली की पुसायची.

हो म्हटलं. काकांना पटवीन, आणि राहीला सांगेन, पावसाळ्याआधी जमत नाही.