गॅरेजपुढचा लाल डाग

घोडपदेव, मुंबई
दि. १८ मार्च १९५६

सौ. बकुळा हिला राजारामचे आशीर्वाद. आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. बाळाला पापा.

तुझं पत्र परवा पोचलं. बाळाची टाळू नीट भरता ना? त्याला तुझ्या भावाचं, लवूचं नाव द्यायचं म्हणतेस. दे, मी कोण नको म्हणणारा. इथे माझं बरं चाललंय. आमटी आता मीच करतो. शेजारची गंगूबाई म्हणते, हिच्यात डाळ सापडली तर मला दाखवायला बोलाव. कामाला तोटा नाही, दोन टॅक्स्या येऊन पडल्यात.

शिमगा आटपला की आई बोटीने येणार, असं लिहिलंस. जानेवारीच्या गोळीबारात लवू जिथे पडला तिथली मूठभर माती त्यांना गावी न्यायची आहे. बरोबरच आहे, पोलिसांनी त्याचा देह काही आपल्या हाती दिला नाही. त्यांना उतरवून घ्यायला मी धक्क्यावर येईन. ऊन फार आहे, छत्री आणायला सांग.

इथपर्यंत आईंना वाचून दाखव. पुढचं तू एकटी वाच. परसात जा.

बकुळा, गॅरेजपुढचा तो डाग लवूच्या रक्ताचा नाही.

त्या दिवशी सकाळी शामराव वकिलांची जुनी गाडी आली होती. सारखी तापते म्हणून. मी रेडिएटरची तोटी सोडली तर नुसतं तांबडंलाल पाणी. वकिलांनी वर्षानुवर्षं तिला वाडीच्या विहिरीचं खारं पाणी पाजलं, आतलं लोखंड पार गंजून गेलेलं. एवढा शिकलेला माणूस, पण कधी नळाचं पाणी घातलं नाही. बादली भरली तशी मी ती रस्त्याकडेच्या मातीत ओतली.

दोन दिवसांनी संचारबंदी उठली आणि चाळीतल्या बायकांनी तो डाग पाहिला. लवू गेल्याचं तोवर सगळ्यांना कळलं होतं. गंगूबाईने भोवती विटा मांडल्या, झेंडू वाहिला. मला विचारलं, "आपलो लवू हयसरच पडलो ना रे?" मी हो म्हणून मान हलवली. मग तुलाही तेच लिहिलं. रोज तिथे उदबत्ती लागते आणि मी शेजारी बसून टॅक्सीचं चाक काढतो.

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कुठे पडला? आणि तिथे कशाला गेला होता?

तो वाण्याच्या पायरीवर पडला. मागच्या गल्लीत, गॅरेजपासून साठ पावलांवर. तिथे त्याला मी धाडलं होतं. गंज काढायला धुण्याचा सोडा पाण्यात कालवून आतून फिरवावा लागतो, तो संपला होता. बाहेर गडबड आहे हे मला ठाऊक होतं. पण वकिलांना संध्याकाळी बिऱ्हाड घेऊन पुण्याला जायचं होतं आणि मी शब्द दिलेला. लवू हसला. म्हणाला, "भावोजी, कशाक भियतास? ह्यो गेलंय नि ह्यो इलंय." आता लोक त्याला हुतात्मा म्हणतात. तो माझ्यासाठी पाव शेर सोडा आणायला गेला होता.

गोळ्या ऐकू आल्या तशा मी दाराच्या फळ्या लावल्या. आतून. तो बाहेर असताना. मग गाडी साध्या पाण्यानेच तीनदा धुतली, रबरी नळी बदलली. हात थांबवले असते तर दार उघडावं लागलं असतं, म्हणून काम करत राहिलो. दोन तासांनी गेलो. पायरीवर पांढरा सोडा सांडला होता आणि त्यात त्याची एक चप्पल. वाणी दाराच्या फटीतून बोलला. पोलिसांची लॉरी येऊन त्याला घेऊन गेली, म्हणाला. त्याआधी अर्धा तास जिवंत होता. "भावोजींका हाक मारा" म्हणत होता. वाण्यानेही दार उघडलं नव्हतं.

पाच वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, बकुळा. अजून दुपारी मी अर्धी भाकरी बाजूला काढतो. फार आठवण येते त्याची.

ती पायरी वाण्याने दुसऱ्याच दिवशी पाणी मारून धुतली. फरशीची आहे. तिथे माती नाही.

वकील परवा येऊन गेले. गाडी आता अजिबात तापत नाही म्हणाले. सोड्यावाचून काही अडलं नव्हतं.

तुला वर एकटी वाच म्हणून लिहिलं, ते चुकलं. आईंनाही हे वाचून दाखव, एक ओळ गाळू नकोस. त्यांनी गंजाची माती पोटचा पोर म्हणून पदरात बांधू नये. त्या आल्या तर मी त्यांना त्या पायरीपाशी नेईन. चप्पल मी जपून ठेवली आहे, ती त्यांच्या हाती देईन. माझं तोंड पाहायचं नसेल तर धक्क्यावर गंगूबाई येईल, मी तिला सांगून ठेवलंय.

खाली तुझा म्हणून लिहावं की नाही, ते तू ठरव.

लवूला सोडा आणायला धाडणारा,
राजाराम